डाव्या डोळ्याखालची रेषा

स्नूकरच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत पंधरा वेळा उतरून पंधराही वेळा ती जिंकणारा खेळाडू एकच झाला, इंग्लंडचा ज्यो डेव्हिस. १९२७ साली ही स्पर्धा सुरू झाली. १९४० पर्यंतचे प्रत्येक विजेतेपद त्याचे होते. युद्धामुळे खंड पडल्यानंतर १९४६ साली स्पर्धा पुन्हा भरली, तीही त्यानेच जिंकली. ज्या खेळात केसाएवढ्या फरकाने नेम चुकतो, त्या खेळातल्या या सम्राटाचा उजवा डोळा कमजोर होता. तो उजव्या हाताने खेळे आणि नेम मात्र डाव्या डोळ्याने धरी. पूल, स्नूकर, बिलियर्ड्स खेळणाऱ्यांनी आणि न खेळणाऱ्यांनीही त्याची ही गोष्ट समजून घेण्यासारखी आहे.

ज्योचा जन्म १५ एप्रिल १९०१ रोजी डर्बीशायरमधील व्हिटवेल या गावी झाला. वडील कोळशाच्या खाणीत कामाला होते. पुढे खाण सोडून ते दारूच्या गुत्त्याचे मालक झाले. चेस्टरफील्डजवळच्या त्यांच्या गुत्त्यात पूर्ण आकाराचे बिलियर्ड्सचे टेबल होते आणि तेच या मुलाचे खेळाचे मैदान ठरले. तेराव्या वर्षी त्याने चेस्टरफील्ड भागातील हौशी खेळाडूंची बिलियर्ड्स स्पर्धा जिंकली आणि अठराव्या वर्षी तो व्यावसायिक खेळाडू झाला.

त्या काळी इंग्लंडात मान होता तो बिलियर्ड्सला. स्नूकर हे त्याचे धाकटे भावंड. ते जन्मले आपल्याकडे, १८७५ साली जबलपूरच्या लष्करी छावणीत. नेव्हिल चेंबरलेन या तरुण ब्रिटिश अधिकाऱ्याने पावसाळ्यातला रिकामा वेळ घालवताना तो खेळ रचला, असे मानले जाते. इंग्लंडातले नामांकित खेळाडू त्याकडे फावल्या वेळची करमणूक म्हणून पाहत. या खेळाला पुढे दिवस येणार हे डेव्हिसने ओळखले. बर्मिंगहॅमचे व्यावसायिक बिल कॅमकिन यांना हाताशी धरून त्याने पहिली जागतिक स्पर्धा भरवली आणि मे १९२७ मध्ये अंतिम सामन्यात टॉम डेनिसला हरवले. विजेत्याच्या हाती पडले साडेसहा पौंड. प्रवेश शुल्काच्या पैशांतून तेव्हा घेतलेला चषक आजही जगज्जेत्याला दिला जातो.

पूल असो की स्नूकर, खेळाचे मूळ एकच. हातातल्या क्यूने, म्हणजे लांब काठीने, पांढरा चेंडू मारायचा आणि त्याच्या धडकेने दुसरा चेंडू पॉकेटात घालवायचा. कॅरममध्ये स्ट्रायकरने सोंगटी घेतात तसेच, फक्त अंतर कितीतरी मोठे. स्नूकरचे टेबल साधारण बारा फूट लांब आणि सहा फूट रुंद असते. एवढ्या अंतरावर छोटी चूक केवढी होते, याचा हिशेब करून पाहता येतो. पांढरा चेंडू आणि रंगीत चेंडू यांत दीड मीटर अंतर आहे आणि फटका सरळ मारायचा आहे असे धरू. क्यूची दिशा फक्त अर्ध्या अंशाने चुकली, म्हणजे घड्याळाचा मिनिटकाटा पाच सेकंदांत सरकतो तेवढीच, तर पांढरा चेंडू दीड मीटरवर पोहोचेपर्यंत सुमारे तेरा मिलिमीटर बाजूला जातो. चेंडूचा व्यास साडेबावन्न मिलिमीटर. त्यामुळे धडक बरोबर मधोमध न होता कडेच्या बाजूला होते आणि रंगीत चेंडू ठरल्या दिशेपासून चौदा अंशांहून अधिक भरकटतो. आणखी एक मीटर पुढे गेल्यावर तो पॉकेटापासून सुमारे पाव मीटर दूर असतो. म्हणजे मूळ चूक धडकेत जवळजवळ तीसपट झाली.

ही अर्ध्या अंशाची चूक बऱ्याचदा हाताची नसते. हात सांगितल्या दिशेने सरळच जातो, पण दिशा सांगणारा डोळा वेगळ्या जागेवरून पाहत असतो.

माणसाच्या दोन डोळ्यांत सुमारे सहा सेंटिमीटरचे अंतर असते. दोघांना जगाची दोन किंचित वेगळी चित्रे दिसतात आणि मेंदू त्यांचे एक चित्र बनवतो. खोलीचा अंदाज घेण्यासाठी ही सोय उत्तम आहे. पण एखादी रेषा लक्ष्याशी जुळवायची असते तेव्हा दोन साक्षीदार दोन दिशा सांगतात. अशा वेळी मेंदू एकाची साक्ष जास्त मानतो. त्याला प्रबळ डोळा म्हणतात. इटालियन विद्वान जांबात्तिस्ता देल्ला पोर्ता याने सोळाव्या शतकाच्या अखेरीस ही गोष्ट नोंदवली होती. साधारण दोन तृतीयांश लोकांचा उजवा डोळा प्रबळ असतो आणि बहुतेक उरलेल्यांचा डावा. उजखोऱ्या माणसाचा डोळाही उजवाच प्रबळ असेल असे नाही. तसेच प्रबळ डोळा म्हणजे चष्म्याचा नंबर कमी असलेला डोळा, असेही नेहमी नसते.

क्यू प्रबळ डोळ्यापासून बाजूला धरली तर काय होते? भिंतीवरचे काट्यांचे घड्याळ बाजूला उभे राहून पाहिले की काटा भलत्याच आकड्यावर दिसतो. तसेच क्यूचे होते. क्यू प्रत्यक्षात सरळ असते आणि खेळाडूला ती तिरपी भासते. मग तो नकळत ती सरळ करू जातो आणि प्रत्यक्षात तिरपी करून बसतो. फटका चुकला की तो मनगटाला दोष देतो आणि दुसऱ्या दिवशी तासभर जास्त सराव करून तीच चूक पक्की करतो.

डेव्हिसपुढे हा प्रश्न अधिक कठीण रूपात उभा होता. उजव्या हाताने खेळणाऱ्याची क्यू साहजिकच शरीराच्या उजव्या अंगाला राहते, म्हणजे त्याच्या कमजोर डोळ्याच्या बाजूला. सर्वांसारखा खेळायला गेला असता तर तो धूसर डोळ्याच्या भरवशावर नेम धरत राहिला असता. त्याने डोके वळवून क्यू हनुवटीच्या डाव्या बाजूला, थेट डाव्या डोळ्याखाली आणली. त्याच्या खेळाच्या छायाचित्रांत हे स्पष्ट दिसते. क्यू, पांढरा चेंडू, लक्ष्य आणि चांगला डोळा एकाच उभ्या पातळीत आले. मग उरले ते प्रत्येक फटक्याला शरीर त्याच जागी आणून ठेवणे, आणि ती शिस्त त्याने आयुष्यभर पाळली.

एका डोळ्यावर हे कसे भागते, याचे उत्तर दृष्टीच्या एका विलक्षण शक्तीत आहे. निरोगी डोळा दोन ठिपके वेगळे ओळखू शकतो ते साधारण एका अंशाच्या साठाव्या भागाएवढे अंतर असले तर. पण दोन रेषा एकमेकींच्या सरळ रेषेत आहेत की किंचित सरकलेल्या आहेत, हे ओळखताना तोच डोळा याच्या कितीतरी पट सूक्ष्म फरक टिपतो. व्हर्नियर मोजपट्टीवरच्या खुणा जुळवताना हीच शक्ती कामी येते आणि त्यासाठी दोन डोळे लागत नाहीत. सुईत दोरा ओवायला दोन्ही डोळ्यांची मोठी मदत होते. रेषा जुळवण्याचे काम मात्र एक चांगला डोळाही चोख करतो. अंतराचा अंदाज चेंडूच्या आकारावरून, एकमेकांआड येण्यावरून, कापडावरच्या सावलीवरून आणि टेबलाभोवती फिरताना बदलणाऱ्या दृश्यावरून मिळतो. टेबलाची लांबी-रुंदी ठरलेली असल्याने सरावाने तो पक्का होतो.

याचा अर्थ चांगला दिसणारा एक डोळा मिटून खेळावे, असा नाही. दोन्ही डोळे उघडे असले की दृष्टीचा विस्तार मोठा राहतो आणि डोळा मिटण्याचा ताण येत नाही. प्रबळ डोळा कोणता आहे ते ओळखून क्यू त्याला सोयीची ठेवायची, एवढाच त्याचा अर्थ.

विसाव्या शतकाच्या तिशीपर्यंत डेव्हिस दोन्ही खेळांत आघाडीवर होता. बिलियर्ड्सचे जागतिक विजेतेपद त्याने १९२८ ते १९३२ या काळात चार वेळा मिळवले. १९३३ आणि १९३४ साली ऑस्ट्रेलियाच्या वॉल्टर लिंड्रमने मात्र त्याला हरवले. लिंड्रमसारखे खेळाडू इतका वेळ न चुकता खेळत की प्रेक्षक कंटाळून जात. बिलियर्ड्सची लोकप्रियता ओसरू लागली तसे डेव्हिसने सारे लक्ष स्नूकरकडे वळवले. तोवर स्नूकर म्हणजे एखाद-दुसरा चेंडू पॉकेटात घालून बचाव करण्याचा खेळ होता. एक चेंडू घालतानाच पुढच्यासाठी पांढरा चेंडू नेमका कुठे थांबवायचा, याचे शास्त्र डेव्हिसने बांधले. सार्वजनिक खेळात त्याने ६८७ वेळा शतकी ब्रेक केला.

याच घरात डोळ्यांची दुसरी गोष्ट घडत होती. ज्योचा भाऊ फ्रेड त्याच्याहून बारा वर्षांनी लहान. तोही व्यावसायिक खेळाडू झाला होता. १९३० नंतरच्या वर्षांत त्याची नजर कमी होऊ लागली. लांबचे चेंडू अंधुक दिसत, पण हे मान्य करायची त्याची तयारी नव्हती. १९३७ च्या जागतिक स्पर्धेत बिल विदर्स या फारशा कोणाच्या खिजगणतीत नसलेल्या खेळाडूकडून तो हरला. त्याच विदर्सला पुढे ज्योने सहज लोळवले. डेव्हिस घराण्याच्या मुलाला हा पराभव झोंबणारा होता. अखेर फ्रेड चष्मेवाल्याकडे गेला.

तिथेही अडचण होतीच. खेळाडू टेबलावर वाकतो तेव्हा हनुवटी क्यूला टेकते आणि नजर भुवयांखालून वर जाते. नेहमीच्या चष्म्यात त्या जागी फ्रेमची कड येते किंवा काचेचा वरचा भाग येतो आणि तिथून प्रतिमा नीट दिसत नाही. म्हणून फ्रेडसाठी खास चष्मा बनवण्यात आला. त्याच्या काचा बिजागरीवर फिरत. वाकल्यावर काच नजरेसमोर काटकोनात येई. चष्मा घालून खेळणारा व्यावसायिक त्या काळात विरळाच. पण १९४० साली जागतिक स्पर्धेचा अंतिम सामना या दोन भावांतच झाला आणि ज्यो तो ३७-३६ असा केवळ एका फ्रेमने जिंकला. पुढे फ्रेडने स्वतः आठ जागतिक विजेतेपदे मिळवली. समान गुणांवर खेळून ज्योला हरवणारा तो एकमेव खेळाडू. १९८० मध्ये, वयाच्या ६६व्या वर्षी, तो बिलियर्ड्सचाही व्यावसायिक जगज्जेता झाला. दोन भावांत कौशल्य एकाच घरचे होते. एकाने आपल्या डोळ्याची मर्यादा लवकर ओळखून खेळ तिच्याभोवती उभा केला. दुसऱ्याला ती मान्य करायला एक कटू पराभव लागला.

आजच्या पूल पार्लरमध्ये खेळणाऱ्यांना यातून घेण्यासारखे बरेच आहे. प्रबळ डोळा ओळखायची चाचणी अर्ध्या मिनिटाची आहे. दोन्ही हात समोर ताठ करून तळवे एकमेकांवर असे ठेवावेत की मध्ये लहानशी फट राहील. दोन्ही डोळे उघडे ठेवून त्या फटीतून लांबचा दिवा किंवा दाराची मूठ पाहावी. मग एकेक डोळा मिटावा. जो उघडा असताना वस्तू फटीतच राहते, तो प्रबळ डोळा. काहींच्या दोन्ही डोळ्यांत फारसा फरक नसतो. त्यांना क्यू हनुवटीच्या मधोमध सोयीची वाटते. इतरांना ती एका बाजूला सरकवावी लागते. किती सरकवायची हे टेबलच सांगते. टेबलाच्या लांबीच्या मधल्या रेषेवर पांढरा चेंडू ठेवून तो समोरच्या कडेवर सरळ मारावा. तो परत येऊन क्यूच्या टोकाला लागला तर रेषा बरोबर आहे. दर वेळी एकाच बाजूला जात असेल तर डोके त्या अंदाजाने किंचित हलवून पुन्हा पाहावे. सोबत्याला मागे उभे करून क्यू खरोखर सरळ आहे का, हे विचारणेही उपयोगी पडते.

दुसरी गोष्ट नजरेच्या स्थिरतेची. दृष्टिपटलाच्या मध्यावरचा जो भाग सर्वांत स्पष्ट पाहतो, त्याच्या कक्षेत हात ताठ केल्यावर अंगठ्याच्या रुंदीएवढाच भाग मावतो. त्यामुळे क्यूचे टोक आणि लांबचा चेंडू एकाच वेळी स्पष्ट दिसत नाहीत. नजर दोघांमध्ये ये-जा करते. बिलियर्ड्स खेळाडूंच्या डोळ्यांच्या हालचालींचा अभ्यास झाला आहे. फटक्याआधीची शेवटची नजर कुशल खेळाडू अधिक काळ स्थिर ठेवतात, असे त्यात दिसले. म्हणून दिशा उभ्यानेच ठरवावी, त्याच रेषेवर खाली वाकावे, शेवटी नजर लक्ष्याच्या चेंडूवर थांबवावी आणि चेंडू सुटेपर्यंत डोके उचलू नये. डोके हलले की डोळा हलतो आणि डोळ्याबरोबर रेषाही.

चाळिशीनंतर डोळ्यातले भिंग कडक होत जाते. वर-खाली वेगवेगळे नंबर असलेल्या चष्म्यातून वाकून खेळताना नेमका नको तो भाग नजरेसमोर येतो. अशांनी नेत्रतज्ज्ञांना खेळाची ढब आणि अंतर सांगून, उंच बसणाऱ्या मोठ्या काचेचा एकाच नंबरचा चष्मा करून घ्यावा. उत्तर आयर्लंडचा डेनिस टेलर १९८५ साली असाच मोठा, वर चढवलेला चष्मा घालून जगज्जेता झाला होता.

या साऱ्याहून महत्त्वाची गोष्ट खेळाबाहेरची आहे. एका डोळ्याने कमी दिसते हे माणसाला स्वतःला बऱ्याचदा कळत नाही, कारण दुसरा डोळा उणीव भरून काढतो. लहान मुले तर तक्रारच करत नाहीत. आपल्याला दिसते तसेच सर्वांना दिसते, असे त्यांना वाटते. एका डोळ्याचा नंबर जास्त असेल किंवा डोळा तिरळा असेल, तर मेंदू त्या डोळ्याकडे दुर्लक्ष करू लागतो आणि तो ‘आळशी’ होतो. वय सात-आठ वर्षांचे होण्याआधी चष्मा देऊन आणि चांगला डोळा रोज ठरावीक वेळ झाकून तो पुष्कळदा सुधारता येतो. वय वाढते तसे यश कमी होत जाते. डेव्हिसने कमजोर डोळ्यावर मात केली, म्हणून आपल्या मुलाच्या डोळ्याकडे दुर्लक्ष करावे असा निष्कर्ष कोणी काढू नये. शाळेत जाण्यापूर्वी प्रत्येक मुलाचे दोन्ही डोळे वेगवेगळे तपासायला हवेत. मोठ्यांनीही अधूनमधून एक डोळा झाकून कॅलेंडरवरचे आकडे वाचून पाहावेत. मोतीबिंदू किंवा पडद्याचा आजार कधी कधी अशाच तपासणीत लक्षात येतो. काचबिंदूत मात्र आकडे शेवटपर्यंत वाचता येतात, कारण नजर कडेने कमी होत जाते. म्हणून चाळिशीनंतर डोळ्यांतला दाबही नेत्रतज्ज्ञांकडून तपासून घ्यावा. सरळ रेषा वाकडी दिसू लागली किंवा एका डोळ्याची नजर अचानक कमी झाली, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना गाठावे.

१९४६ नंतर डेव्हिस जागतिक स्पर्धेतून अपराजित राहून बाजूला झाला, पण सार्वजनिक सामने खेळत राहिला. २२ जानेवारी १९५५ रोजी लंडनच्या लेस्टर स्क्वेअर हॉलमध्ये, विली स्मिथविरुद्ध, त्याने एकाच खेपेत १४७ गुण केले. हा स्नूकरमध्ये साधारणपणे सर्वोच्च मानला जाणारा ब्रेक. छत्तीस फटके सलग न चुकता मारावे लागतात. तो अधिकृत ठरलेला पहिला १४७ होता, आणि खेळाडूचे वय तेव्हा ५३ होते.

एप्रिल १९७८ मध्ये शेफील्डच्या क्रूसिबल नाट्यगृहात ६४ वर्षांचा फ्रेड जागतिक स्पर्धेचा उपांत्य सामना खेळत होता. समोर दक्षिण आफ्रिकेचा पेरी मॅन्स. प्रेक्षकांत ७७ वर्षांचा ज्यो बसला होता. भावाच्या प्रत्येक फटक्याबरोबर त्याचेही अंग आपोआप कलत होते. फ्रेड १८-१६ असा हरला. त्याच दिवसांत ज्योची प्रकृती ढासळली. मोठी शस्त्रक्रिया झाली, पण तो पुरता सावरला नाही आणि १० जुलै १९७८ रोजी त्याचे निधन झाले. डोके किंचित वळवलेले, क्यू हनुवटीच्या डाव्या बाजूला आणि तिच्यावर बरोबर चांगला डोळा, अशी त्याची छबी जुन्या छायाचित्रांत आजही पाहायला मिळते.